गाडी तीच, रस्ता तोच. मग डिझेल कमी-जास्त का लागतं?

हिंगोली : हळद भरून वसमतच्या मार्केटला निघालेल्या दोन सारख्याच पिकअप घ्या. माल तेवढाच, रस्ताही तोच. तरी एकीला डिझेल कमी लागतं, दुसरीला जास्त. फरक असतो चालवणाऱ्याच्या पायात. तो मोजण्याचं शास्त्र आहे.

कंपनीचा आकडा कुठून येतो?

पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे. तपासणीत गाडी रस्त्यावर नाही, रोलरवर चालवतात. कोणत्या सेकंदाला किती वेग, हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडची जुनी पद्धत १०८ सेकंदांच्या फेरीची होती. जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किमी, सरासरी जेमतेम २२. पुढे चारचाकीसाठी तो ९० पर्यंत नेला. पण रोलरवर खड्डे नाहीत, औंढ्याकडचा चढ नाही, ओव्हरलोड नाही. म्हणून कागदावरचं अ‍ॅव्हरेज गावात पडत नाही.

हिशेब कसा लावतात?

गाडीत यंत्र बसवून दर सेकंदाचा वेग नोंदवतात. वेग, पिकअप, वजन आणि चढ यावरून इंजिनला किती जोर लागला ते निघतं. जोरावरून डिझेल आणि डिझेलवरून धूर. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिझेलपेक्षा वजन जास्त कसं? जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो म्हणून.

डिझेल कुठं वाया जातं?

- एकदम रेस, लगेच ब्रेक : वेग घ्यायला जाळलेलं डिझेल ब्रेकच्या उष्णतेत जातं.
- जादा वेग : ६० वरून ८० वर गेलं की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो.
- गाडी चालू ठेवून गप्पा : अंतर शून्य, डिझेल चालूच.
- टायरात हवा कमी : गाडी ओढायला जोर जास्त.

उतारावर न्यूट्रल नकोच

न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, असा समज आहे. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं होतं. गिअरमध्ये ठेवून रेस सोडली तर डिझेलचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. शिवाय इंजिनची अडवणूक सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. भरल्या गाडीला हे जिवावर बेतू शकतं.

घरच्या घरी मोजा

टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा, परत फुल्ल करताना लिटर बघा. एक आठवडा नेहमीसारखी, एक आठवडा पाय सांभाळून चालवा. समजा, महिन्याच्या १०० लिटरमागे १० वाचले, तर तेवढे पैसे खिशात आणि २७ किलो कार्बन डायऑक्साइड कमी.