सदाफुलीची परीक्षा

पडक्या भिंतीच्या फटीतही बारमाही फुलणारी सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. पण आपल्या परसात ती इतकी रुळली आहे, की तिच्या परकेपणाची कोणाला शंकाही येत नाही. मधुमेहावर तिची पाने चावून खाण्याचा प्रघात आपल्याकडे आहे, तसा त्यांचा काढा घेण्याचा जमैकातही होता. आणि या समजुतीत तथ्य किती, याची खातरजमा व्हावी म्हणून १९५२ साली तेथून आलेली पंचवीस पाने कॅनडातील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. अर्क उंदरांना पाजला, रक्तशर्करा जागची हलली नाही. एखाद्या कंटाळलेल्या संशोधकाने प्रकरण तेथेच दप्तरदाखल केले असते. नोबल यांनी मात्र तोच अर्क टोचून पाहिला, तेव्हा उंदीर दगावू लागले, आणि कारण शोधता असे दिसले, की पांढऱ्या पेशी झपाट्याने घटून, अस्थिमज्जा क्षीण होऊन, जंतूंना तोंड देण्याची शक्तीच त्यांच्या देहात उरली नव्हती. पांढऱ्या पेशींची वाढ खुंटवणारे द्रव्य त्याच पेशींच्या बेबंद वाढीवर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, का चालू नये? चार्ल्स बीअर यांच्या सहकार्याने १९५८ साली त्यांनी व्हिनब्लास्टीन वेगळे काढले. पाठोपाठ अमेरिकेतील एलाय लिली कंपनीत याच झाडातून व्हिनक्रिस्टीन निघाले, जे बालकांच्या रक्तकर्करोगावर आजही दिले जाते.

आता अशा परीक्षेचा आरंभ बहुधा पेशींपासून होतो. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तेथील चाचणीत शहाण्णव खळग्यांच्या पारदर्शक तबकडीत माणसाच्या कर्करोगपेशी वाढवतात, खळग्यांत अर्काची मात्रा चढत्या क्रमाने सोडतात आणि काही काळ उबेत ठेवल्यावर पेशींतील प्रथिनांना चिकटणारा गुलाबी रंग घालतात. धुतल्यानंतर जो खळगा गडद राहिला त्यात पेशी तगल्या. फिका पडला त्यात खुंटल्या किंवा मेल्या. फिका खळगा पाहून हुरळून जाणे सोपे आहे, आणि वर्तमानपत्रांतील ‘अमक्या पाल्याने कर्करोग बरा’ या मथळ्यांचा उगम पुष्कळदा तेथेच असतो. परंतु नुसत्या मद्यार्कानेही तो खळगा फिका करता येतो. म्हणून अर्क ज्यात विरघळवला ते द्रावण निराळ्या खळग्यात घालून पाहावे लागते, ज्ञात औषध शेजारी ठेवावे लागते, आणि हाच अर्क निरोगी पेशींनाही मारतो काय, हेही तपासावे लागते. एवढे निभावले तरी त्यातील नेमके द्रव्य कोणते, ते प्राण्यांच्या आणि पुढे माणसाच्या देहात कसे वागते, हे ठरण्यात वर्षे जातात.

सदाफुलीची ही द्रव्ये, विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म तंतू जुळू देत नाहीत. तसलेच तंतू मज्जातंतूंतही असतात. सबब व्हिनक्रिस्टीनने हातापायांना मुंग्या येतात, आणि एका वेळची मात्रा सहसा दोन मिलिग्रॅमांच्या वर जाऊ देत नाहीत. असे एक ग्रॅम द्रव्य मिळवायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. ते मोजूनमापून, थेट शिरेतून द्यायचे असते. त्यामुळे कर्करोगावर म्हणून परसातली पाने चावणाऱ्याच्या पोटात कोणते द्रव्य किती गेले, याचा हिशेब कोणत्याही डॉक्टरला लावता येत नाही.