चोर आधीच कळला, मग सस्पेन्स कुठंय? ‘जॉनी गद्दार’ आणि आपली मतं

(एपिसोडची लिखित आवृत्ती. मधले ‘अं’, ‘म्हणजे बघ’ आणि खिडकीतून आलेले हॉर्न काढलेत. बाकी बोललोय तसंच ठेवलंय.)

[००:००] आज काय?

हेडफोन लावलेत ना? आज एका जुन्या सिनेमाबद्दल बोलायचंय, आणि त्याहून जास्त त्याच्याबद्दल लोक काय बोलतात त्याबद्दल. सिनेमा आहे श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’. २८ सप्टेंबर २००७ ला आला. चारच दिवस आधी धोनीच्या टीमने पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला होता, त्यामुळे तो आठवडा कोणाच्या डोक्यात होता ते सांगायला नको. हिरो नवा, नील नितीन मुकेशचा हिरो म्हणून पहिलाच सिनेमा. बजेट बेताचं. तिकीटबारीवर काही धमाल झाली नाही. पण आज कुठल्याही सिनेमावेड्या ग्रुपवर ‘चांगला थ्रिलर सुचवा रे’ म्हटलं की हे नाव येतंच.

आमच्या मित्रांच्या ग्रुपवरही आलं. सात-आठ जणांनी आपापल्या मोबाईलवर बघितला आणि मग मतांचा पाऊस पडला. एक म्हणाला, ‘भारी!’ दुसरा म्हणाला, ‘चोर कोण ते वीस मिनिटांत कळतं, मग बघायचं काय?’ तिसरा, ‘दरोडा म्हणून लावला, दरोडा कुठंय?’ चौथी म्हणाली, ‘फ्रेंच सिनेमाची कॉपी आहे.’ आणि पाचवा, जो प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याने विचारलं, ‘लिंक आहे का?’

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, समीक्षक नाही. पण एकाच गोष्टीवर इतके वेगळे रिपोर्ट आले की मला राहवत नाही. म्हणून आज ही मतं एकेक करून उघडून बघू. शेवट सांगणार नाही, शब्द आहे. पण पहिल्या भागातलं थोडं सांगावं लागेल. ज्यांना तेही नको, त्यांनी इथे पॉज करा, सिनेमा बघा आणि मग या.

[०२:३०] गोष्ट, थोडक्यात

पाच भागीदार. म्हातारा, सगळ्यांना धरून असणारा शेषाद्री, म्हणजे धर्मेंद्र. जुगाराचा क्लब चालवणारा प्रकाश, म्हणजे विनय पाठक. शार्दूल, म्हणजे झाकीर हुसेन. दांडगा शिवा, म्हणजे दया शेट्टी, आपला ‘सीआयडी’वाला. आणि सगळ्यात लहान, देखणा, गप्प विक्रम. प्रत्येकाने पन्नास लाख घालायचे, झाले अडीच कोटी. ही बॅग घेऊन शिवाने मुंबईहून बंगळुरूला रेल्वेने जायचं, तिथे एका पोलिसाकडून माल घ्यायचा आणि चार दिवसांत पैसा दामदुप्पट.

विक्रमचं शार्दूलच्या बायकोवर प्रेम आहे. तिला घेऊन पळून जायचंय, त्यासाठी पैसा हवाय. म्हणून तो ठरवतो, गाडीत शिवाला क्लोरोफॉर्म द्यायचा आणि बॅग घेऊन उतरायचं. कोणाला इजा नाही, कोणाला पत्ता नाही. कागदावर प्लॅन एकदम स्वच्छ. प्रत्यक्षात शिवाचा जीव जातो. इथून पुढे विक्रमला थांबताच येत नाही.

[०४:१०] मत पहिलं: ‘चोर आधीच कळला, मग सस्पेन्स कुठंय?’

हे मत सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि त्यामागे एक साधी गल्लत आहे. आपण ‘रहस्य’ आणि ‘सस्पेन्स’ हे दोन शब्द एकाच डब्यात टाकतो.

रहस्य म्हणजे आपल्याला माहीत नसणं. खून झाला, कोणी केला? उत्तर शेवटच्या पानावर. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांपासून पुण्याच्या सुहास शिरवळकरांपर्यंत रहस्यकथांची मोठी गर्दी होऊन गेली, त्यामुळे ‘थ्रिलर म्हणजे शेवटी मुखवटा उतरणार’ ही सवय आपल्या घराघरांत आहे. आजोबांना विचारा, अर्नाळकरांचा झुंजार लगेच आठवेल.

सस्पेन्स म्हणजे याच्या उलट. आपल्याला माहीत आहे, पडद्यावरच्या माणसाला नाही. हिचकॉकने हे समजावायला एक उदाहरण दिलं होतं, ते बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. दोन माणसं टेबलापाशी गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण काही सेकंदच. आता तोच प्रसंग असा घ्या की बॉम्ब ठेवताना आपण बघितलंय आणि समोर घड्याळ चालू आहे. त्याच कंटाळवाण्या गप्पा आता पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

‘जॉनी गद्दार’ हे दुसऱ्या जातीचं प्रकरण आहे. नावातच ‘गद्दार’ आहे. दिग्दर्शक तिकिटावरच सांगतोय की बाबांनो, एक जण दगा देणार आहे. लपवायचंच असतं तर असं नाव कोण ठेवेल?

मी हे असं मांडून बघितलं. एक टेबल करा. उभ्या रकान्यात पाच भागीदार आणि सहावा प्रेक्षक. आडव्या ओळीत एकेक माहिती: पैसे कोणी नेले, शिवाचं काय झालं, विक्रम त्या रात्री कुठे होता, शार्दूलच्या बायकोचं काय चाललंय. आता प्रत्येक सीननंतर कोणाला काय माहीत आहे त्यावर टिक करा. प्रेक्षकाच्या रकान्यात सगळीकडे टिक. विक्रमच्याही जवळजवळ सगळीकडे. बाकीच्यांच्या रकान्यात हळूहळू एकेक टिक पडत जाते, आणि कोणाच्या तरी रकान्यात शेवटची टिक पडायच्या आत विक्रमला तिथे पोचायचंय. सिनेमाचा सगळा ताण या रिकाम्या चौकटींमध्ये आहे. त्यामुळे ‘कोण’ हा प्रश्न घेऊन बसाल तर वीस मिनिटांत सिनेमा संपला. ‘आता याला कसं आणि कधी कळणार’ हा प्रश्न घेऊन बसाल तर शेवटपर्यंत उठणार नाही.

[०७:४०] मत दुसरं: ‘दरोडा कुठंय?’

खरंय, इथे तिजोरी नाही, लेझरचे किरण नाहीत, छतावरून दोरीने उतरणं नाही. एक बॅग, एक रेल्वेचा डबा, दोन माणसं. कमी बजेटमध्ये दरोडा दाखवायचा म्हटला की दिग्दर्शकापुढे तीन रस्ते असतात, आणि तिन्हींची उदाहरणं जगात आहेत.

एक, दरोडा दाखवायचाच, पण साधेपणाने आणि सावकाश. १९५५ चा फ्रेंच ‘रिफिफी’ बघा. त्यात जवळजवळ अर्धा तास चोरी चालते, ना एक संवाद, ना पार्श्वसंगीत. दोन, दरोड्याचे तुकडे करून काळ मागेपुढे करायचा. स्टॅन्ली क्युब्रिकने १९५६ मध्ये ‘द किलिंग’मध्ये रेसकोर्सवरच्या चोरीचं हेच केलं. तीन, दरोडा दाखवायचाच नाही! टॅरंटिनोच्या १९९२ च्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये दुकानातली चोरी पडद्यावर येतच नाही. आधीचं दिसतं, नंतरचं दिसतं, आणि गोदामात ‘आपल्यातला फितूर कोण’ यावर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात.

राघवन यांनी चोरी लवकर उरकलीय आणि बाकी सगळा वेळ तिच्या परिणामांना दिलाय. पैशाच्या हिशोबाने हे शहाणपणाचं, कारण स्टंटपेक्षा चांगल्या नटाचा चेहरा स्वस्तात जास्त काम करतो. विनय पाठक पत्ते खेळताना, धर्मेंद्र नुसते फोनपाशी बसलेले असताना जो दबाव जाणवतो, तो कुठल्या पाठलागाने आला नसता.

आणि खऱ्या दरोड्याचं म्हणाल तर पुणेकरांना वेगळं सांगायला नको. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला. एटीएमचा व्यवहार मंजूर करायचा की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन चोरांनी मधे आपलीच बनावट यंत्रणा बसवली, आणि ती प्रत्येक मागणीला ‘हो, द्या पैसे’ म्हणत राहिली. बनावट कार्डं घेतलेली माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. परदेशातून सुमारे ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी, आणि १३ ऑगस्टला स्विफ्टवरून हाँगकाँगला आणखी १३.९२ कोटी. बेरीज ९४.४२ कोटी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं.

आता हा दरोडा जसा झाला तसा शूट करा बरं. सर्व्हरवर ओळी सरकतायत, आणि कुठल्यातरी परक्या शहरात एक माणूस एटीएममधून शांतपणे नोटा काढतोय. माझ्यासारख्याला ते भयंकर वाटतं, पण पडद्यावर दोन मिनिटांत जांभया येतील. दरोड्याचा आकार मोठा असला म्हणजे सिनेमा मोठा होतो असं अजिबात नाही. ९४ कोटींपेक्षा अडीच कोटींची बॅग जास्त घाम फोडते, कारण ती घेणारा आणि गमावणारा एकमेकांना नावाने हाक मारतात.

[१०:५०] मत तिसरं: ‘कॉपी आहे’

हे मत उडवून लावण्यासारखं नाही. या कथेचा सांगाडा १९६३ च्या ‘सिम्फनी पोर अन मसाकर’ या फ्रेंच सिनेमाशी जुळतो. तिथेही पाच भागीदार, तिथेही पैशाची बॅग, तिथेही आतलाच माणूस.

पण राघवन इथे काही लपवत बसलेले नाहीत. सिनेमा अर्पणच केलाय विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेज यांना. ज्यांनी अप्पा बळवंत चौकात किंवा फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं चाळलीत त्यांना चेजची ती भडक मुखपृष्ठं आठवत असतील. विक्रमला अॅलिबीची, म्हणजे ‘मी त्या वेळी तिथे नव्हतोच’ हे दाखवायची युक्ती सापडते ती १९७१ च्या ‘परवाना’तून, ज्यात अमिताभ नेमकं तेच करतो. खोटं नाव घ्यायची वेळ येते तेव्हा विजय आनंद यांचा १९७० चा ‘जॉनी मेरा नाम’ कामी येतो. म्हणजे आपला चोर सिनेमे बघून चोरी शिकलाय, आणि दिग्दर्शकही!

राघवन पुण्यात वाढले आणि इथेच लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, जिथे एकेकाळी प्रभात स्टुडिओ होता. जुने सिनेमे पोटभर बघून झालेल्या माणसाचा हा सिनेमा आहे. उसनं घेतलंय का? हो. सांगून घेतलंय का? तेही हो. सांगाड्यावर स्वतःचं मांस चढवलंय का, हा खरा प्रश्न, आणि माझ्या मते इथे चढवलंय. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण ‘कॉपी’ एवढा एकच शब्द टाकून पुढे जाऊ नका.

[१२:४५] मत चौथं: ‘लॉजिक नाही’

प्लॅन फसतो तेव्हा आपण लगेच म्हणतो, ‘एवढा हुशार माणूस एवढी साधी चूक करेल का?’ यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पात्र चुकलं की लेखक चुकला?

कोड लिहिताना आम्ही आधी सगळं सुरळीत होईल असं धरून लिहितो. नेट चालू आहे, युजर शहाणा आहे, सर्व्हर जागा आहे. बग नेहमी बाहेर राहिलेल्या शक्यतेत असतो. विक्रमचा प्लॅन तस्साच आहे, त्यात ‘शिवा जागा झाला तर?’ ही ओळच नाही. ही पात्राची चूक, आणि ती पहिल्यांदाच प्लॅन करणाऱ्या पोराला शोभते. लेखकाची चूक कधी म्हणाल? जेव्हा सिनेमा स्वतःच घातलेला नियम मोडतो तेव्हा. उदाहरणार्थ, एखाद्याला काहीतरी माहीत नाही असं दाखवून नंतर तो माहीत असल्यासारखा वागला, तर. वरचं टेबल पुन्हा काढा आणि तपासा. योगायोग मात्र या सिनेमात आहेत आणि एक-दोन जरा सढळ हाताने वापरलेत, हे मान्य.

[१४:२०] मत पाचवं: ‘लिंक आहे का?’

याला मी मत म्हणतोय, कारण त्याचा परिणाम बाकी चारही मतांपेक्षा जास्त होतो.

मोठ्या सिनेमाला स्टार तारून नेतो. छोट्या थ्रिलरकडे एकच भांडवल असतं, ते म्हणजे बघून आलेला माणूस. जानेवारी २०२३ मध्ये परेश मोकाशींचा ‘वाळवी’ आला. दरोडा नाही, खुनाचा प्लॅन, पण जात हीच: प्लॅन स्वच्छ, माणसं कच्ची, आणि मग एकेक गोष्ट हाताबाहेर. बघून आलेले लोक ‘काही सांगत नाही, तू जाऊन बघ’ एवढंच म्हणत होते. त्या एका वाक्याने जाहिरातीचं काम केलं. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

शुक्रवारी लागलेला सिनेमा सोमवारी किती शोमध्ये उरणार हे पहिल्या तीन दिवसांत ठरतं. त्या तीन दिवसांत आपण काय करतो? शेवट स्टेटसला टाकतो, पंधरा सेकंदांची क्लिप फिरवतो, किंवा लिंक मागतो. मग वर्षभराने तक्रार करतो की मराठीत असे सिनेमे का होत नाहीत. ‘जॉनी गद्दार’ला नंतर प्रेक्षक मिळाला, डीव्हीडीवर, टीव्हीवर, मोबाईलवर. राघवन यांनी पुढे ‘बदलापूर’ केला, आणि २०१८ मध्ये बराचसा पुण्यात शूट झालेला ‘अंधाधुन’ही. पण ज्याचा पहिलाच सिनेमा पडतो आणि दुसरा मिळतच नाही, त्याचं नाव आपल्याला कळतही नाही.

[१६:३०] जाता जाता

पुढचा थ्रिलर बघून मत द्यायच्या आधी तीन प्रश्न विचारून बघा. यातला प्रश्न ‘कोण’ आहे की ‘कधी कळणार’? सिनेमाने स्वतःचे नियम पाळले का? आणि हे मत वाचून दुसऱ्याची मजा जाणार तर नाही ना? एवढं केलंत तर ‘नाही आवडला’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्या ‘नाही’ला वजनही येईल.

तुमची मतं व्हॉइस नोटने पाठवा, एक मिनिटाच्या आत. चांगली असतील ती पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. फक्त शेवट सांगू नका! चला, भेटू. काळजी घ्या.