अंगठ्याच्या पेराएवढा सैनिक

ट्यूबलाइटखाली एक माणूस उभा करा. भुवयांखाली, हनुवटीखाली, सदऱ्याच्या चुण्यांत सावल्या दिसतील. आता त्याच उजेडात २८ मिलिमीटरचा प्लास्टिकचा सैनिक ठेवा. उंची अंगठ्याच्या पेराएवढी. सावल्या त्याच्याही अंगावर पडतात, पण त्याच्या झग्याची चुणी असते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. टेबलापलीकडून ती धड दिसतच नाही. नुसता लाल रंग फासला, तर झग्याचा लाल ठिपका होतो. म्हणून टेबलावरच्या लढायांसाठी फौजा रंगवणारे एक अजब काम करतात. सैनिकाला रंग देऊन झाला की त्याच्या अंगावर ऊन-सावलीही रंगवतात.

हा नाद आजचा नाही. १८२४ साली प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशा, फासे आणि लाल-निळे ठोकळे घेऊन लढाईची तालीम करू लागले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने (हो, मंगळावरची फौज पृथ्वीवर उतरवणारा तोच) ‘लिटल वॉर्स’ लिहिलं. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा उडवायचा आणि खेळण्यातले सैनिक पाडायचे, असा त्याचा खेळ. १९८३ मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि टेबलावर राक्षसही उतरले.

पण मला खरी गंमत वाटते ती फासे पडण्याआधीची. सैनिक घरी येतो तो सुट्ट्या अवयवांत, प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेला. हात, डोकं, तलवार कटरने सोडवायची, साच्याची बारीक रेघ पात्याने खरवडायची. मग जोडणी. त्यासाठी वापरतात ते द्रावण म्हणजे डिंक नव्हेच. ते पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन्ही कडांचं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं आणि द्रावण उडून जातं. खांदा आणि हात मग एकाच प्लास्टिकचे होतात.

त्यावर प्रायमर, त्यावर पातळ रंगाचे दोन हात. जाड एक हात देण्याचा आळस मी पहिल्या सैनिकावर केला होता. त्याचं नाक आणि मिशी कायमची बुजली.

आणि मग वॉश. गडद, पाण्यासारखा पातळ रंग सैनिकावर सोडायचा आणि बघत राहायचं. उंचवट्यांवरून तो ओघळतो आणि चिलखताच्या फटीत, बोटांच्या मधे, पट्ट्याच्या कडेला जाऊन बसतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं, त्याच केशाकर्षणाने तो अरुंद जागा धरून ठेवतो. जिथे सावली हवी, नेमक्या त्याच जागा! वाळल्यावर चेहऱ्याला खोबण्या येतात, झग्याला घड्या पडतात. कुंचल्याने तिथे एक रेघही ओढलेली नसते.

उजेडासाठी नेमकं उलट. कुंचला फिक्या रंगात बुडवून फडक्यावर इतका पुसायचा, की तो कोरडाच वाटावा. मग सैनिकावरून अलगद फिरवायचा. उरलासुरला रंग फक्त उंचवट्यांना लागतो. केसांची टोकं, साखळीच्या कड्या, ढालीची किनार उजळते. पातळ रंग खाली उतरतो, कोरडा रंग वरच अडतो, आणि मधे सैनिक उठून दिसतो.

डोळ्यांना मात्र अशी सवलत नाही. पेणच्या गणपतींच्या डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच जाते, ते का हे इथे कळतं. मिलिमीटरभर जागेत पांढरा ठिपका, त्यात काळा. कुंचला बारीक असून भागत नाही, त्याला टोक हवं. दोन्ही मनगटं टेबलाला टेकवून, श्वास रोखून ठिपका द्यायचा. चुकला तर सैनिक चकणा. मग त्वचेच्या रंगाने झाकून पुन्हा पहिल्यापासून.

असे पन्नास-साठ जण उभे राहिले की फौज झाली. त्यातला सरदार मी तीन रविवार रंगवत होतो. तो टेबलावर उतरला, समोरच्याने फासे टाकले, आणि पहिल्याच फेरीत मला तो उचलून परत डब्यात ठेवावा लागला.