ऋतूंची रोजनिशी

आपल्याकडे ऋतूंविषयीं बोलण्याची हौस फार. लिहून ठेवण्याची संवय मात्र अगदीं थोडी. "हल्लीं आंब्यास मोहर वेळीं-अवेळीं येतो," "पूर्वीं पाऊस असा नव्हता," हीं वाक्यें घरोघरीं ऐकूं येतात. परंतु पूर्वीं म्हणजे कोणत्या सालीं, आणि मोहर कोणत्या तारखेस, असें विचारिलें असतां बोलणारा निरुत्तर होतो. माणसाला साल आठवतें तें दुष्काळाचें, महापुराचें किंवा घरांतील लग्नकार्याचें. साधीं वर्षें स्मरणांतून पुसलीं जातात. आणि ऋतु बदलला कीं नाहीं हें ठरविण्यास नेमकी ह्या साध्या वर्षांचीच माहिती हवी असते.

कालिदासानें 'ऋतुसंहारां'त सहा सर्गांमध्यें सहा ऋतु वर्णिले आहेत. त्यांतील निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु कवीनें ऋतूचें रूप सांगावें, दिनांक सांगणें हें त्याचें काम नव्हे. तें दुसरें काम कोणी तरी करावयास हवें. तें शास्त्रज्ञच करूं शकतो असें नाहीं. नित्य पाहणाऱ्या व नित्य लिहिणाऱ्या कोणत्याही गृहस्थास तें साधतें, असा जगाचा अनुभव आहे.

इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांत रॉबर्ट मार्शम नांवाचा एक जमीनदार होता. १७३६ सालीं त्यानें वसंतागमनाचीं चिन्हें टिपावयास आरंभ केला. पहिली भिंगरी कधीं दिसली, ओकचीं पानें कधीं फुटलीं, बेडूक कधीं ओरडूं लागले, अशीं २७ चिन्हें तो वर्षानुवर्षें लिहीत गेला. तें टिपण १७८९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केलें. १७९७ सालीं मार्शम वारला, पण वही मिटली नाहीं. मध्यंतरीं खंड पडला, तरी त्याच्या वंशजांनीं तें काम १९५८ पर्यंत चालविलें. पुढें संशोधकांनीं त्या तारखा तापमानाच्या आंकड्यांशीं ताडून पाहिल्या, तेव्हां उबदार वर्षीं ओकची पालवी लवकर फुटते, हें स्पष्ट झालें.

जपानांतील क्योतो शहरच्या चेरीच्या बहराच्या तारखा ह्याहूनही जुन्या, इ. स. ८१२ पासूनच्या आहेत. दरबारी मंडळींच्या रोजनिश्यांत पुष्पोत्सवाचे उल्लेख होते. यासुयुकी आओनो ह्या संशोधकानें ते परिश्रमपूर्वक एकत्र केले. २०२१ सालीं तेथें पूर्ण बहर २६ मार्चला आला. उपलब्ध नोंदींत तोंवर इतका लवकर बहर कधींच आला नव्हता. आज हें विधान निःशंकपणें करतां येतें, तें शतकानुशतकें उत्सवास गेलेल्या लोकांनीं त्या त्या दिवसाची तिथि लिहून ठेवली म्हणून.

तिथीवरून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असतें, आणि अधिक मासानें ती तूट भरून निघते. म्हणूनच गुढीपाडवा २०२१ सालीं १३ एप्रिलला आला, तर २०२३ सालीं २२ मार्चला. बहावा पाडव्यास फुलला, एवढेंच लिहिलें तर तीन आठवड्यांचा घोटाळा होईल. झाड सूर्याच्या वर्षावर चालतें. पंचांगांतील अधिक मास त्यास ठाऊक नाहीं. क्योतोच्या जुन्या तिथीही अशाच सौर तारखांत फिरवून घ्याव्या लागल्या. तेव्हां तिथि हौसेनें लिहावी, परंतु तारीख आणि साल अवश्य लिहावें.

आपल्या देशांतही हें काम आतां रीतसर चाललें आहे. २००७ सालीं 'मायग्रंटवॉच' ह्या उपक्रमानें स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्यांचें प्रथमदर्शन कळविण्याचें आवाहन सामान्य जनांस केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत झाडांसाठीं 'सीझनवॉच' निघाला. त्यांत केरळांतील शाळकरी मुलांनीं केलेल्या नोंदींचा वाटा फार मोठा आहे. पक्षिनिरीक्षक आपल्या याद्या 'ईबर्ड'वर पाठवितात. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालास आधार होता तो तीस हजारांहून अधिक निरीक्षकांनीं केलेल्या सुमारें ३ कोटी नोंदींचा. ९४२ जातींचा विचार करून त्यांपैकीं १७८ जातींची चिंता तांतडीनें वाहिली पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. हे निरीक्षक बहुतेक आपापला उद्योग संभाळून फावल्या वेळीं पाहणारे लोक होत.

झाडाची नोंद करण्याची रीत सोपी आहे. अंगणांतील अथवा रस्त्यावरील एकच झाड निवडावें आणि आठवड्यांतून एकदां, ठरल्या वारीं, त्याखालीं उभें राहावें. कोंवळीं पानें, जून पानें, वाळलेलीं पानें. कळ्या, उमललेलीं फुलें. कच्चीं फळें, पिकलेलीं फळें. ह्या प्रत्येकापुढें 'नाहीं', 'थोडीं' किंवा 'पुष्कळ' एवढेंच लिहावें. दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. मात्र जें दिसलें तेंच लिहावें. दिसावयास हवें होतें तें लिहूं नये. ओळख पटली नाहीं तर 'संशय' असें स्वच्छ नमूद करावें. फोटोसाठीं घरट्यास हात लावूं नये.

'नाहीं' ह्या शब्दाची किंमत नवशिक्यास कळत नाहीं. चातकाचें उदाहरण घ्या. तो केवळ मेघाचें पाणी पितो हा कविसंकेत झाला. प्रत्यक्षांत तो सुरवंट खातो, आणि आपलीं अंडीं सातभाईच्या घरट्यांत घालतो. तथापि तो आफ्रिकेकडून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आपल्याकडे येतो, ही गोष्ट खरी आहे. समजा, एका घरीं तो ६ जूनला दिसला. त्या घरचीं माणसें १ जूनपासून रोज पाहत होतीं आणि पांच दिवस 'चातक नाहीं' असें लिहीत होतीं, तर त्या ६ तारखेस अर्थ आहे. एरव्हीं पक्षी त्या दिवशीं आला, कीं पाहणारा त्या दिवशीं बाहेर पडला, हें कोण सांगणार?

एका वर्षाच्या फरकावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. दहा-वीस वर्षांची सलग नोंद असली म्हणजे कल दिसूं लागतो, आणि पन्नास वर्षांची असली म्हणजे तिला मोल चढतें. एकट्या माणसाचें आयुष्य ह्या कामास अपुरें आहे. सरकारी योजना बदलतात, संस्थांचीं अनुदानें संपतात. परंतु ज्या घरांत आजोबा, मुलगा आणि नात एका छपराखालीं नांदतात, त्या घरीं वही एका हातांतून दुसऱ्या हातांत सहज जाते. मार्शमच्या कुटुंबानें जें साधलें, तें आमच्या मतें आपल्या एकत्र कुटुंबांस अधिक सुलभ आहे. आजोबांनीं झाड दाखवावें, सुनेनें तारीख घालावी, नातीनें मोबाईलवरून ती नोंद पाठवावी. मूळ वही मात्र घरांतच राहूं द्यावी.

उशीर करूं नये, एवढेंच सांगणें आहे. जुने वाडे पाडले जात आहेत, रस्ते रुंद होत आहेत, आणि ज्यांना गल्लींतील पिंपळाची पालवी साठ वर्षें पाहिल्याचें आठवतें, तीं माणसेंही एकेक करून जात आहेत. निवडलेलें झाड तोडलें गेलें, तर त्या दिवसाची तारीखही वहींत घालावी; तीही ऋतूचीच नोंद होय. घरांत एखादी कोरी वही असेलच. तिच्या पहिल्या पानावर झाडाचें नांव, जागा आणि आजची तारीख लिहावी, आणि येत्या आठवड्यांत त्याच वारीं पुन्हां त्या झाडाखालीं जावें, अशी वाचकांस आमची विनंती आहे.