दाबोळी ते दमण, तलासरीवरून

बोर्डीकराला विमान गाठायचं तर मुंबई किंवा सुरत. सरळ रेषेत दोन्ही साधारण ११० किलोमीटरवर. त्याहून जवळची धावपट्टी आहे दमणची, उंबरगाव आणि उदवाडा ओलांडलं की जेमतेम ३५ किलोमीटरवर. पण ती तटरक्षक दलाची. एकेकाळी तिथून थेट गोव्याला विमान जायचं.

त्याचं मूळ जमिनीवरच्या भांडणात आहे. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून गेलं. त्या मोहिमेत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. नगर हवेली तलासरीला चिकटलेली. दमणहून तिकडे जायचं तर मधला पट्टा भारताचा, आणि भारतानं तो बंद केला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि तिकडच्या सीमाही आवळल्या गेल्या. एकाच सरकारचे तीन तुकडे, गोवा, दमण आणि दीव, एकमेकांना पारखे झाले.

त्याच १९५५ मध्ये पोर्तुगीजांनी ‘ट्रान्सपोर्तेस एरिओस दा इंडिया पोर्तुगेझा’ ही सरकारी विमानसेवा काढली. थोडक्यात ‘ताइप’. गोव्यातलं दाबोळी, दमण, दीव आणि पुढे कराची असा तिचा मार्ग. सुरुवातीला डी हॅव्हिलँड हेरॉन जातीची विमानं होती: चार इंजिनं, पंधराएक प्रवासी, वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर.

दाबोळी ते दमण सरळ अंतर सुमारे ५७० किलोमीटर. हेरॉनच्या वेगानं दोन तास, चढउतार धरून थोडं जास्त. पण नकाशावर पट्टी ठेवून पाहा. ही रेषा कुडाळ, संगमेश्वर, खेड, माणगाव, डोंबिवली अशी येत तलासरीच्या शेजारून दमणला टेकते. म्हणजे जवळपास सगळी भारताच्या डोक्यावरून! ती वाट पोर्तुगीज विमानांना मोकळी नव्हती. जायचं ते समुद्रावरून. गंमत अशी की किनारा उजव्या हाताला ठेवून गेलं तरी मोजून २५-३० किलोमीटर वाढतात. पाच-सहा मिनिटांचा फरक.

याउलट दमण ते सिल्वासा हे सरळ रेषेतलं २५ किलोमीटरचं अंतर. त्यासाठी पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट आहे; फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नाही; आणि १९५४ मध्ये भारतानं अडवणूक केली त्यात गैर काही नव्हतं. दोन्ही पक्षांना घरी जाऊन ‘जिंकलो’ म्हणता यावं असाच हा निकाल. प्रत्यक्षात ती वाट उघडली नाही ती नाहीच.

शेवटी भारतानं फौज पाठवली. १८ डिसेंबर १९६१ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन दमणमध्ये शिरली. तिचं मुख्य लक्ष्य हीच धावपट्टी होती. दुसऱ्या दिवशी दमण शरण आलं. दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले होते, तरी रात्री तिची कामचलाऊ डागडुजी करून दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं कराचीला निसटली. त्यांतलं एक ताइपचं होतं. ताइपचा गोव्यातला कारभार तिथंच आटोपला.