अनुकरण कोठें संपतें व चोरी कोठें सुरू होते ?

मनुष्य जें कांहीं शिकतो तें प्रथम दुसऱ्याचें पाहूनच शिकतो. मूल आईचें बोलणें ऐकून बोलूं लागतें. सुताराचा मुलगा बापाच्या हाताकडे पाहून रंधा धरावयास शिकतो. आणि पाटीवरील पहिलें अक्षर आपण सर्वांनीं गुरुजींच्या अक्षरावरच गिरविलें. अनुकरण हाच दोष मानिला तर शाळा चालविणें अशक्य होईल. पण त्याच शाळेंत परीक्षेच्या वेळीं शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावणाऱ्या मुलास आपण शिक्षा करितों. तेव्हां अनुकरण व चोरी यांच्यामध्यें कोठें तरी एक सीमा आहे खास. ती नेमकी कोठें आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. संगणकाच्या व्यापारांत त्यानें मोठमोठ्या कंपन्यांस व न्यायाधीशांस वर्षानुवर्षें गुंतवून ठेविलें. तो इतिहास आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस बोधप्रद वाटेल, म्हणून येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

परदेशाकडे वळण्यापूर्वीं घरचें एक उदाहरण पाहूं. मुंबईंत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथें टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखालीं देवनागरी अक्षरांचे सुबक खिळे तयार होत. या छापखान्यांत जावजी दादाजी नांवाचा एक गरीब मुलगा लहानपणीं कामास लागला. तेथें तो जें पाहिलें तें मनांत सांठवीत गेला. पुढें राणोजी रावजी आरू या कुशल मित्राच्या साहाय्यानें त्यानें १८६४ सालीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढिला, व १८६९ सालीं 'निर्णयसागर' छापखाना स्थापिला. निर्णयसागरचीं अक्षरें पुढें सर्व हिंदुस्थानांत नांवाजलीं. विद्या मिशनच्या छापखान्यांत मिळालेली, पण अक्षरें नव्यानें कोरलेलीं, हें या यशाचें मर्म होय. आतां हेंच मर्म संगणकाच्या बाजारांत कसें दिसून आलें तें पाहूं.

कोणत्याही संगणकाच्या वर्गांत निरनिराळ्या कंपन्यांचीं नांवें धारण करणारीं यंत्रें शेजारीं शेजारीं मांडलेलीं आढळतात. परंतु एकावर शिकलेला मुलगा दुसऱ्यावर अडत नाहीं. कळफलक तोच, आज्ञा त्याच, आंतील भागही बहुधा अदलाबदल करितां येण्याजोगे. निरनिराळ्या धन्यांचीं हीं यंत्रें इतकीं एकसारखीं कशीं झालीं ?

सन १९८१ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' विक्रीस काढिला. काम लवकर उरकावयाचें असल्यामुळें कंपनीनें त्याचे बहुतेक भाग बाहेरून घेतले. आंकडेमोड करणारा प्रोसेसर इंटेल कंपनीचा होता, आणि यंत्राचा कारभार पाहणारी आज्ञावली मायक्रोसॉफ्ट कंपनीची होती. हे दोन्ही विक्रेते तोच माल इतरांसही विकण्यास मोकळे होते. आय. बी. एम. चें स्वतःचें असें मर्मस्थान एकच होतें. तें म्हणजे 'बायोस' नांवाची एक लहानशी आज्ञावली. यंत्र सुरू होतांच त्याच्या सर्व भागांस जागें करून कामास लावावयाचें, हें बायोसचें काम. गंमत अशी कीं, या बायोसचा संपूर्ण मजकूर कंपनीनें आपल्या माहितीपुस्तकांत स्वतःच छापला होता ! तो वाचण्यास कोणास मनाई नव्हती. उतरून घेण्यास मात्र होती, कारण एखाद्या ग्रंथाप्रमाणें त्यावर 'कॉपीराइट'चा हक्क होता.

येथें प्रतिस्पर्ध्यांपुढें दोन वाटा उघड्या होत्या. कोरोना व ईगल या दोन कंपन्यांनीं बायोसचा मजकूर उतरून घेतला, असा आरोप ठेवून आय. बी. एम. नें १९८४ सालीं त्यांजवर दावे लाविले. दोघांनींही तडजोड केली व तो मजकूर वापरण्याचें सोडून दिलें.

दुसरी वाट कॉम्पॅक कंपनीनें धरिली. १९८२ सालीं ह्यूस्टन शहरीं तीन गृहस्थांनीं आपली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनींतील नोकरी सोडून ही कंपनी काढिली. त्यांनीं आपल्या कामगारांचे दोन गट केले. पहिल्या गटानें आय. बी. एम. चें बायोस वाचावें, आणि तें काय काय करितें याचें टिपण तयार करावें. अमुक आज्ञा आली असतां अमुक उत्तर मिळतें, एवढेंच त्यांत लिहावयाचें, तें कसें साधिलें आहे याविषयीं अक्षर नाहीं. दुसऱ्या गटांत असेच लोक घेतले कीं ज्यांनीं तो मूळ मजकूर कधींही पाहिलेला नव्हता. त्यांच्या हातीं फक्त तें टिपण दिलें, आणि त्यांनीं सर्व आज्ञावली स्वतःच्या बुद्धीनें नव्यानें रचिली. तयार झालेली वस्तु काम तेंच करीत होती; पण तिची ओळ न् ओळ त्यांच्या स्वतःच्या श्रमाची होती. १९८२ च्या नोव्हेंबरांत हें यंत्र जाहीर झालें, आणि विक्रीच्या पहिल्याच वर्षीं त्याचे ५३ हजार नग खपले. फिनिक्स नांवाच्या दुसऱ्या एका कंपनीनेंही १९८४ सालीं याच रीतीनें बायोस रचून तें मागेल त्या कारखानदारास विकण्यास आरंभ केला. मग काय, धरणाचा दरवाजा उघडावा तसें झालें ! आय. बी. एम. सारखीं यंत्रें शेंकडों ठिकाणीं तयार होऊं लागलीं, चढाओढ वाढली, आणि किंमती उतरत गेल्या.

मूळच्या कंपनीनें १९८७ सालीं नवी, स्वतःच्या मालकीची रचना पुढें आणून बाजार पुन्हां ताब्यांत घेण्याची खटपट केली. परंतु पुढच्याच वर्षीं नऊ प्रतिस्पर्धी एकत्र आले, त्यांनीं आपली सामाईक रचना जाहीर केली, आणि तो बेत फसला. अखेर २००५ सालीं आय. बी. एम. नें हा सारा व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीस विकून टाकिला. कॉम्पॅकचेंही स्वतंत्र अस्तित्व फार दिवस राहिलें नाहीं. २००२ सालीं ती ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत विलीन झाली. अनुकरणानें आरंभ करितां येतो. टिकून राहण्यास कांहीं तरी नवें सतत द्यावें लागतें.

हें झालें यंत्राच्या पोटाविषयीं. दुसरा तंटा त्याच्या चेहऱ्याविषयीं होता. आज पडद्यावर चित्रें व चौकटी दिसतात, आणि 'माउस' सरकवून आपण त्यांवर बोट ठेविल्याप्रमाणें काम करितों. या कल्पनेचा मोठा विकास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत झाला. १९७९ सालीं ॲपल कंपनीच्या लोकांनीं तेथें जाऊन तें पाहिलें, व १९८४ सालीं आपल्या मॅकिंटॉश यंत्रांत तें अधिक सुबक करून लोकांपुढें मांडिलें. पुढील वर्षीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज' काढिलें. १९८८ सालीं ॲपलनें मायक्रोसॉफ्टवर व ह्यूलेट-पॅकार्डवर दावा लाविला : आमच्या पडद्याचें रूप चोरिलें ! दाव्यांत सादृश्याच्या १८९ बाबी दाखविल्या होत्या. न्यायालयास आढळलें कीं, त्यांपैकीं १७९ बाबी वापरण्याची परवानगी खुद्द ॲपलनेंच १९८५ च्या करारानें देऊन ठेविली होती. आणि उरलेल्यांपैकीं बहुतेकांवर कोणाचीच मालकी सांगतां येत नव्हती. चौकट, चित्र, एकावर एक ठेविलेले कागद यांसारख्या कल्पना सर्वांच्या आहेत, असा त्याचा आशय. १९९४ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही हाच निर्णय कायम केला. मध्यंतरीं १९८९ सालीं झेरॉक्सनें ॲपलवरच फिर्याद केली होती, तीही बहुतांशीं टिकली नाहीं.

परंतु चेहऱ्याचें अनुकरण नेहमींच क्षम्य ठरतें, असें कोणीं समजूं नये. १९९८ सालीं ॲपलनें 'आयमॅक' नांवाचा संगणक काढिला. पडदा व यंत्र एकाच गोलसर पेटींत, आणि ती पेटी निळसर, अर्धपारदर्शक. असें यंत्र पूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें. दुसऱ्याच वर्षीं ईमशीन्स कंपनीनें 'ईवन' नांवाचें यंत्र काढिलें. तेंही निळें, तेंही अर्धपारदर्शक, तेंही एका पेटींत, पण किंमतीनें बरेंच स्वस्त. येथें पोटांतील यंत्र निराळें होतें, आणि उचललें होतें तें केवळ रूप. ॲपलनें दावा लाविला. अशाच दुसऱ्या एका यंत्राविरुद्ध न्यायालयानें त्याच वर्षीं मनाईहुकूम दिला, आणि २००० सालीं ईमशीन्सनेंही तडजोड करून आपलें यंत्र बाजारांतून काढून घेतलें. संगणक निळा असल्यानें कांहीं तो अधिक वेगानें चालत नाहीं. त्या रूपाचा उपयोग एवढाच कीं, गिऱ्हाइकानें तें पाहून दुसऱ्याचें नांव आठवावें. ज्या अनुकरणाचा हेतु गिऱ्हाइकाची अशी फसगत करणें हा आहे, तें व्यापारी चढाओढींत बसत नाहीं.

हें सर्व अमेरिकेंत घडलें. त्याचें आम्हांस काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, व तो निकटचा आहे. आय. बी. एम. कंपनी १९७८ सालीं भारतांतून निघून गेली होती. १९८४ च्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर करून सुटे भाग आणण्याचे निर्बंध सैल केले. मुंबईंत ग्रँट रोड स्टेशनाजवळील लॅमिंग्टन रोड हा विजेच्या व रेडिओच्या सामानाचा जुना बाजार. तेथील दुकानदार व तरुण कारागीर सुटे भाग घेऊन टेबलावरच संगणक जुळवूं लागले. त्यास बाजारांत 'असेंबल्ड' म्हणत. कोणत्याही कारखान्याचा भाग कोणत्याही यंत्रांत बसे, म्हणूनच हें शक्य झालें. आणि तो बसे याचें कारण कॉम्पॅक व फिनिक्स यांनीं प्रामाणिकपणें मोकळी केलेली वाट. लहान गांवांतील दुकानास, शिकवणीच्या वर्गास व शाळेस संगणक परवडूं लागला तो अशा चढाओढीमुळें.

पण याच व्यवहाराची एक काळी बाजूही आहे. यंत्र जुळविणें न्याय्य होतें; परंतु गिऱ्हाइकास खूष करण्यासाठीं त्यांत पैसे न देतां उतरलेल्या आज्ञावल्या भरून देण्याचीही चाल पडली, ती न्याय्य नव्हती. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत आज्ञावली ही ग्रंथासमान मानिली आहे; आणि चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. पालकांनीं मुलांसाठीं संगणक घेतांना आंत काय भरलें आहे व त्याचा परवाना कोठें आहे, हें अवश्य विचारावें. पैसे देण्याची ऐपत नसेल तर लिनक्स, लिबरऑफिस यांसारख्या आज्ञावल्या त्यांच्या कर्त्यांनींच सर्वांस मोकळ्या ठेविल्या आहेत. दार उघडें असतां भिंत कां फोडावी ?

आतां अगदीं आपल्या अंगणांतील गोष्ट. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारली लोकांच्या घरीं लग्नसमयीं सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. गोल, त्रिकोण व चौकोन एवढ्यांवरच माणसें, झाडें, गुरें व तारप्याचा नाच उभा राहतो. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं ही कला कागदावर आणून जगापुढें नेली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, व २०१८ सालीं ते वारले. आज हीं चित्रें पेल्यांवर, पिशव्यांवर व चादरींवर यंत्रानें छापून विकलीं जातात, आणि तीं छापणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं पाडा डोळ्यांनीं पाहिलेलाही नसतो. आमच्या ज्या विद्यार्थिनींच्या आयांच्या व आज्यांच्या बोटांत ही कला आहे, त्यांच्या वांट्यास त्यांतील काय येतें ?

संगणकाच्या तंट्यांत दिसलेला नियम येथेंही लागू आहे. त्रिकोण व वर्तुळ यांवर कोणाची मालकी नाहीं, जशी पडद्यावरील चौकटीवर नाहीं. परंतु 'वारली चित्र' या नांवास २०१४ सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आहे. म्हणून बाहेरच्या मालावर तें नांव घालून गिऱ्हाइकास फसविणें बेकायदा आहे. शिवाय एखाद्या मुलीनें स्वतः रचिलेलें चित्र तें काढतांच तिच्या हक्काचें होतें. हा हक्क तिच्या हयातींत व नंतर ६० वर्षें राहतो, आणि त्यासाठीं नोंदणीची सक्ति नाहीं. मात्र तें चित्र वस्तूंवर यंत्रानें छापून विकावयाचें असेल, तर विक्रीपूर्वींच २००० च्या डिझाइन कायद्याखालीं त्याची नोंद करावी. कारण नोंद न करितां कर्त्यानें अथवा त्याच्या परवानगीनें ५० हून अधिक नग छापिले गेल्यास तो हक्क लोपतो. तेव्हां मुलींनों, आपल्या प्रत्येक चित्राखालीं नांव व तारीख घालावयास विसरूं नका. आणि कोणी व्यापारी चित्र मागूं लागल्यास काय लिहून घेतो तें वडील माणसांस दाखविल्यावांचून सही करूं नका.

विद्यार्थ्यांनो, कॉम्पॅकच्या त्या दोन गटांचा नियम तुम्ही एकट्यानेंही पाळूं शकतां. मित्राच्या वहींतील गणित पाहण्यास हरकत नाहीं. तें नीट पाहा, त्याची रीत समजून घ्या, न समजल्यास विचारा. मग ती वही मिटून परत द्या, आणि कोऱ्या पानावर तेंच गणित स्वतः सोडवा. जें उतरेल तें तुमचें. आणि जें अडेल तें अजून तुम्हांस शिकावयाचें आहे, हें तरी कळेल. वही उघडी ठेवून उतरणाऱ्यास तेवढेंही कळत नाहीं. पवित्र शास्त्रांतील रुपयांच्या दृष्टान्तांत धन्यानें प्रत्येक चाकरास ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें रुपये सोंपविले, आणि परत येतांच प्रत्येकाकडून हिशेब मागितला. तुमच्या हातींही असेंच कांहीं सोंपविलेलें आहे, आणि तो हिशेब शेजाऱ्याच्या वहींतून उतरून देतां येणार नाहीं.