एका यंत्राची खरेदी

गेल्या दिवाळीच्या आधी आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या आईसह आमच्याकडे आला. मुलगा आता तिशीच्या घरात आहे. शाळेत असताना तो गणितात बेताचाच. परंतु वर्गातला पंखा अडला की शिपायाच्या आधी हा शिडीवर चढलेला असे. आपले इंदूर २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिले आले, आणि त्याबरोबर लोकांची दृष्टीही बदलली. अंगणातले शेवाळे, जिन्यावरचे पानाचे डाग, गच्चीवरचा काळपटपणा पूर्वी कोणाच्या डोळ्यांत येत नसे. आता तो पैसे देऊन काढून घेतला जातो. या मुलाने हाच धंदा धरला होता आणि त्यासाठी जोराने पाणी मारणारे यंत्र, म्हणजे प्रेशर वॉशर, विकत घेतले होते.

ते यंत्र चार महिन्यांत जळाले. दुकानदाराने हमीपत्र उलटून मागची बारीक अक्षरे दाखवली : हमी घरगुती वापरासाठी, धंद्यासाठी नव्हे. आता नवे यंत्र घ्यायचे, तर आईच्या पाटल्या तारण ठेवण्याखेरीज उपाय नव्हता. माउली एवढेच म्हणाली, “सर, तुम्ही याच्याबरोबर जा. दुसऱ्यांदा फसला तर मला पुन्हा उभं राहता येणार नाही.”

आम्ही मराठीचे शिक्षक. यंत्रांशी आमचा संबंध शाळेच्या मोटारपंपापुरता. तरीही नाही म्हणवेना. आठ-दहा दिवस माहिती गोळा केली, शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडून थोडी उजळणी करून घेतली आणि एका शनिवारी दुपारी सियागंज गाठले.

बाजारात पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की विकणारा फक्त दाबाविषयी बोलतो. “साहब, इसमें तो दो सौ बार है!” हे वाक्य आम्ही त्या दिवशी पाच दुकानांत ऐकले. बार हे दाबाचे माप. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. म्हणजे १०० बार हा एक किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झाला. आकडा ऐकूनच माणूस दिपतो. पण दाब मळ उखडतो. उखडलेला मळ वाहून नेते ते पाणी. मिनिटाला किती लिटर पाणी बाहेर पडते, हा प्रश्न आम्ही विचारला की दुकानदार खोका फिरवून पाहू लागत. अंगण धुणाऱ्याला दिवसाकाठी किती चौरस फूट उरकतील, हे बव्हंशी या दुसऱ्या आकड्यावर ठरते. पाणी कमी असेल तर डाग सुटतो. पण चिखल तिथेच पसरून राहतो आणि तीच फरशी दोनदा धुवावी लागते.

येथे आम्हांला सहकाऱ्याने दिलेला एक सोपा हिशेब फार उपयोगी पडला. बारचा आकडा आणि मिनिटाच्या लिटरचा आकडा यांचा गुणाकार करावा व त्याला ६०० ने भागावे. येते ती पाण्यात उतरलेली शक्ती, किलोवॅटमध्ये. एका चकचकीत यंत्राच्या खोक्यावर १८० बार, १० लिटर आणि मोटर १,८०० वॅट असे छापले होते. हिशेब केला तर उत्तर आले ३ किलोवॅट. म्हणजे १.८ किलोवॅट खाणारी मोटर ३ किलोवॅटचे काम करणार! आमच्या या गणितात बेताच्या विद्यार्थ्याने ते स्वतः मांडले आणि आमच्याकडे पाहून हसला. छापणारे सगळेच धादांत खोटे छापतात असे नाही. दाबाचा आकडा क्षणभर गाठलेला कमाल दाब असतो, पाण्याचा आकडा दाब जवळजवळ नसतानाचा. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, एवढेच सांगायचे राहून जाते.

पहिले यंत्र का जळाले, तेही येथेच उलगडले. स्वस्त, हलक्या यंत्रांत बहुधा कार्बन ब्रशची मोटर असते, मिक्सरमध्ये असते त्या जातीची. ती अतिशय वेगाने फिरते, कर्कश आवाज करते आणि लवकर तापते. रविवारी स्वतःची मोटार धुणाऱ्या गृहस्थाला ती वर्षानुवर्षे पुरेल. दिवसाचे पाच तास राबणाऱ्याला मात्र इंडक्शन मोटर हवी. ती संथ, जड आणि महाग. पण तिच्यात झिजायला ब्रश नसतात. पंपाचेही तसेच. पितळी डोक्याचा, चिनी मातीसारख्या सिरॅमिक दट्ट्यांचा पंप उघडून त्यातले वायसर बदलता येतात. स्वस्त यंत्राचा पंप बिघडला की यंत्रच टाकून द्यावे लागते. आम्ही प्रत्येक दुकानात विचारले, “वायसरचा संच आत्ता दाखवता का?” पाचांपैकी दोघांनी फळीवरून काढून दाखवला. उरलेल्या तिघांनी “मँगवा देंगे” म्हटले. आम्ही तेथून निघालो.

मुलाचे मन पेट्रोलच्या मोठ्या यंत्रावर गेले होते. दिसायला ते भारदस्त. विजेची कटकट नाही. परंतु त्याचे निम्मे काम बंद जिन्यांत आणि वाहनतळांच्या तळघरांत असते, आणि पेट्रोल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू अशा जागी जीव घेतो; त्याला वासही नसतो. तो विचार सोडला. मग तीन फेजचे यंत्र आले. उत्तम होते, पण हा मुलगा ज्या घरी जाईल त्या घरची वीज वापरणार, आणि साध्या घरात तीन फेज कुठून मिळणार? गीझरसाठी असतो तो १६ अँपिअरचा पॉइंट मात्र बहुतेक घरी सापडतो. त्यावर ३ हॉर्सपॉवरची, म्हणजे सुमारे २.२ किलोवॅटची मोटर चालते; त्याहून मोठी घेण्यात अर्थ नव्हता.

शेवटी दोन यंत्रे उरली. दुकानदार सज्जन निघाला. मागच्या अंगणात त्याने दोन्ही चालवू दिली. आमच्या शहरात नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून चढवून आणावे लागते. ते ठरावीक वेळीच नळाला येते, म्हणून यंत्राला ड्रममधून पाणी ओढता येणे आवश्यक. आम्ही ड्रमवर खडूने दोन रेघा मारल्या, मधले पाणी ४५ लिटर, आणि मनगटावरचे घड्याळ लावले. पहिल्या यंत्राला ते संपवायला साडेसात मिनिटे लागली, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. खोक्यावर १० लिहिले होते. दुसऱ्याला पाच मिनिटे लागली, म्हणजे ९ लिटर, आणि दाब १२० बार. हिशेब १.८ किलोवॅट, मोटर २.२. हे आकडे एकमेकांशी जुळत होते. तेच घेतले. वजन तीस किलोंहून अधिक असल्याने दुचाकीवर नेता येत नाही. लोडिंग रिक्षाचे भाडे रोजच्या खर्चात धरावे लागले. सगळे मिळून पन्नास हजारांच्या आत बसले. मुद्रा योजनेच्या शिशु गटात तेवढे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. २०१५ पासून ही सोय आहे, पण माय-लेकरांपर्यंत ती पोचलेली नव्हती. बँकेत तीन खेपा पडल्या. पाटल्या मात्र हातातच राहिल्या.

यंत्र घेतले म्हणजे संपले असे नाही. पिस्तूल बंद ठेवून मोटर चालू राहिली तर तेच पाणी पंपात फिरून तापते आणि वायसर जळतात. दोन मिनिटांहून अधिक थांबायचे असेल तर बटण बंद करावे. कोरडा पंप चालवू नये. तोंडाशी गाळणी हवीच. लांब वायर बारीक असेल तर विजेचा दाब पडून मोटर तापते, म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली. ओल्या जमिनीवरचे काम असल्याने ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारे सुरक्षा-उपकरणही यंत्रासोबत ठेवायला लावले. टाकी धुताना यंत्र बाहेर राहील, आत फक्त नळी जाईल, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. आणि एक गोष्ट आम्ही त्याला वहीत लिहून दिली : ही धार हातापायावर आली, तर जखम टाचणीएवढी दिसेल, रक्तही फारसे येणार नाही. तरी तडक इस्पितळात जायचे, हळद लावून घरी बसायचे नाही. पाणी आणि घाण कातडीखाली शिरते, आणि उशीर झाल्यास बोट गमवावे लागते.

एवढे करूनही पहिल्याच महिन्यात एक फटका बसलाच. राजवाड्यामागच्या एका जुन्या वाड्यात चौक धुताना त्याने शून्य अंशाचे लाल नोझल लावले आणि भिंतीवरचा जाळ्यांचा थर काढायला गेला. चुन्याचा गिलावा वीतभर रुंद आणि हातभर लांब सोलून खाली आला. वाड्याचे मालक वृद्ध; रागावले नाहीत, पण त्यांनी मजुरी दिली नाही, आणि गवंड्याचे पैसे मुलाला भरावे लागले. दोष यंत्राचा नव्हता, थोडासा आमचाही होता. दाबाचे इतके गणित करवून घेणाऱ्या आम्ही नोझलविषयी त्याला पुरेसे बजावले नव्हते. लाल नोझलाची धार सुईसारखी. पिवळे पंधरा अंशांचे, हिरवे पंचवीस, पांढरे चाळीस. अंश वाढतील तशी धार पंख्यासारखी पसरते आणि मऊ होते. फरशीला हिरवे, रंगवलेल्या भिंतीला फार तर पांढरे, तेही दोन हात लांबून. चुना, जुने लाकूड आणि भेगाळलेली वीट यांना अजिबात नाही. लाल नोझल आता आमच्या टेबलाच्या खणात आहे.

परवा रविवारी तो आमचे अंगण धुऊन गेला. पावसाळ्याचे शेवाळे तासाभरात निघाले आणि खालच्या शहाबादी फरशीचा रंग आम्हांला कित्येक वर्षांनी दिसला. तुळशीवृंदावनापाशी येताच त्याने मोटर बंद केली. वृंदावन चुन्याचे आहे. बादली आणि काथ्या मागून घेतला आणि ते हातानेच घासून काढले. कर्जाचे अजून काही हप्ते उरले आहेत.